गूळ-कारल्याने जंत पडत नाहीत

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: जंत फक्त आपलं अन्न खातात, रात्री गूळ खाल्ला की ते गोळा होतात आणि सकाळी कारल्याच्या रसाने पडून जातात, जंताच्या गोळीने पोट दुखतं म्हणजे ती विषारी, मुलांना देऊ नका. हा शेवटचा सल्ला घातक आहे.

‘फक्त अन्न खातात.’ अंकुशकृमी (हुकवर्म) हा जंत आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. जातीनुसार एकेक कृमी रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. शेकड्यांनी असले की मूल पांढरंफटक पडतं. शिवाय आतडंही स्वस्थ बसत नाही. अस्तरातल्या टफ्ट पेशींना कृमीची चाहूल लागली की त्या आयएल-२५ हे इशारा देणारं प्रथिन सोडतात. त्याने जाग्या झालेल्या प्रतिकारपेशी आयएल-१३ हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात. मग चिकट स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू जोराने आवळतात आणि कृमी बाहेर ढकलला जातो. आतड्याच्या नसाही यात सामील असतात. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आतड्यातल्या चेतापेशी न्यूरोमेडिन-यू हा संदेशवाहक रेणू सोडून याच प्रतिकारपेशींना थेट चेतवतात. म्हणजे मुरड्यात आपल्याच बचावाचाही वाटा असू शकतो.

परजीवी गेला तरी आतडं लगेच पूर्ववत होतंच असं नाही. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये २००४ साली पाण्यातून जिआर्डिया या परजीवीची साथ आली. हा कृमी नव्हे, एकपेशीय जीव. बाधितांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना तीन वर्षांनीही आयबीएसची, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाच्या तक्रारी अशी, लक्षणं होती. बाधा न झालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. म्हणून उपचारानंतरही पोट दुखत राहिलं तर गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका, शौचाची तपासणी करा.

गुळाचं म्हणाल तर तो लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषला जातो, आणि अंकुशकृमी अस्तराला तोंडाने घट्ट धरून असतो. तो गुळासाठी जागा सोडत नाही.

आता गोळी. जंताच्या गोळीतलं औषध अल्बेंडाझोल रक्तात फार थोडं उतरतं. ते कृमीची साखर शोषण्याची क्षमताच मोडतं. जंत जास्त असले तर ते मरताना थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि ओसरते. १ ते २ वर्षांच्या मुलाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, त्यापुढे ४००. तीन वर्षांखालच्यांना चुरून पाण्यातूनच द्या, अख्खी गोळी घशात अडकते. मोठ्यांनी चावून खावी. त्या दिवशी मूल आजारी असेल तर थांबा. गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या सुतासारख्या जंतांची अंडी गोळीने मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यावी. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, शौचाला होत नाही, अशा वेळी घरी गोळी देऊ नका. गोलकृमींच्या गुंत्याने आतडं तुंबलेलं असू शकतं. मुलाला थेट रुग्णालयात न्या.