जमा बाजूचा माणूस

आयुष्यभर जमा आणि नावे जुळवत आलेल्या माणसाला एकच बाजू असलेला कागद लिहायला सांगू नये. रेझ्युमे हा तसला कागद. त्यात सगळं जमाच. कौशल्य दिसतं, कर्ज दिसत नाही. असा ताळेबंद मी आमच्या शेठजींपुढे नेला असता तर त्यांनी चष्मा काढून विचारलं असतं, "मुनीमजी, दूसरा पन्ना किधर है?"

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, अकाउंटंट होतो. होतो म्हणायचं कारण जिनिंगच आता नाही. शेठजी थकले, मुलांच्या वाटण्या झाल्या, मशिनरी विकली आणि त्या जागेवर लॉन निघालं. जिथे सरकीचे ढीग लागायचे तिथे आता नवरदेव घोड्यावरून उतरतो. लॉनला अकाउंटंट लागत नाही, त्याचा हिशेब केटररच्या डायरीत मावतो.

मग अर्ज करणं आलं. यवतमाळ झालं, अमरावती झालं, नागपूरकडच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसी झाल्या. बहुतेक ठिकाणांहून काहीच आलं नाही आणि जिथून आलं तिथून एकच मजकूर आला : आपली निवड होऊ शकली नाही, तथापि आपली माहिती आम्ही भविष्यासाठी जपून ठेवू. किती काळ जपणार, ते कोणी सांगत नाही. जीएसटीत वह्या-पावत्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. माझा कागदही तितका सांभाळणार असतील तर माझं वय तेव्हा काय असेल, हे मी मनातल्या मनात काढून पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

पहिला बायोडाटा तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर केला होता. त्या पोराकडे एकच नमुना. वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी, मग नाव, वडिलांचं नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण. मी म्हटलं, "हा लग्नाचा आहे का रे?" तो म्हणाला, "काका, लग्नाचाच होय, पन नोकरीले बी चालते. रास तेवढी काढून टाकतो." त्याने रास काढली, नाडी राहिली. अकाउंट्सची जागा असलेल्या एका कारखान्याला माझी नाडी मध्य असल्याचं त्या दिवशी कळलं.

मग एका पतसंस्थेने मराठीत अर्ज मागवले. मला वाटलं, आपलं मैदान. सेंटरवाल्याने कृतिदेवमध्ये झकास टाइप करून फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन. "सर, तुमचा अर्ज आला, पण तो कोणत्या भाषेत आहे?" त्यांच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नव्हता. माझं नाव, माझं बी.कॉम., माझा अनुभव, सगळं इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं होऊन तिकडे उघडलं होतं. बाई सज्जन, त्यांनी वाचायचा प्रयत्न केला होता.

तेव्हा पुण्याच्या मामेभावाने सूत्रं हाती घेतली. तो आयटीत आहे, त्यामुळे आमच्या घराण्यात कशातलाही शेवटचा शब्द त्याचाच. तो म्हणाला, "दादा, तुझा रेझ्युमे माणूस वाचतच नाही. आधी सॉफ्टवेअर वाचतं." मी तोवर स्वतः एक्सेलमध्ये नवा करून ठेवला होता, टी फॉर्ममध्ये. डावीकडे शिक्षण आणि घरची माहिती, उजवीकडे अनुभव, मधून उभी रेघ. एकही सीए त्याला नाव ठेवू शकला नसता. मामेभाऊ फोनवरच ओरडला. दोन रकाने केले की ते सॉफ्टवेअर कधीकधी डावं-उजवं एकाच ओळीत वाचत जातं म्हणे. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर तसं वाचून दाखवलं : "वडील शेती रोजची रोकड जुळवणे, विवाहित टॅली प्राइम, दोन अपत्ये टीडीएस रिटर्नसह." खरं सांगू, माझं आयुष्य इतक्या थोडक्यात आणि इतक्या अचूक कोणीच मांडलं नव्हतं. पण तो म्हणाला, काढ.

त्याने फोटो काढला, वडील काढले, गाव काढलं, "वरील माहिती सत्य आहे" ही ओळसुद्धा काढली. ही गोष्ट पानठेल्यावर निघाली तेव्हा ठेलेवाला कात लावता लावता थांबला. "फोटो नाई, बापाचं नाव नाई, गाव नाई. मंग भाऊ, थो मानूस हाये का नाई, हे त्याह्यले कसं समजन?" मला त्याचंच पटलं. आई वेगळ्याच काळजीत. "तू सातवीत पयला आल्ता, थे लिवलं काय?"

पुढची आज्ञा : प्रत्येक कामापुढे आकडा टाक. "खर्च २० टक्क्यांनी कमी केला असं लिही." मी विचारलं, "कशावरून २०?" तो म्हणाला, "अरे, कोण बघतंय?" इथे मात्र माझं आणि त्याचं जमेना. व्हाउचरशिवाय आकडा लिहायचा नाही, एवढ्या एका गुणावर तर मी इतकी वर्षं पगार घेतला. तरी रात्री बसून आठवलं. एके वर्षी आमची घट कमी आली होती. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी, आणि थोडं हवेत जातं, ती घट. त्या हंगामात ती उतरली, शेठजी खूश झाले, मला ढेपेचं एक पोतं जास्त मिळालं. पण ती उतरली कशामुळे? पाऊस लवकर थांबला, कापूस कोरडा आला. मग पावसाचं श्रेय मी रेझ्युमेत कसं घेऊ? मामेभाऊ म्हणाला, "सगळे घेतात."

ढेपेवरून आठवलं, "सध्याचं एकूण वेतन" हा रकाना. पगार सांगता येतो, दिवाळीचा बोनस सांगता येतो. पण दर महिन्याला म्हशीसाठी जे सरकी-ढेपेचं पोतं यायचं, ते पगारात धरायचं की भेटीत? त्याचं मूल्य बाजारभावाने लावायचं की शेठजींच्या भावाने? ढेपेमागे दूध किती, इथपर्यंत मी पोचलो तेव्हा बायकोने दिवा घालवला.

पण सगळ्यात अवघड रकाना नोकरीतल्या गॅपचा. शहरातल्या लोकांना वर्ष सपाट वाटतं. जिनिंगचं वर्ष तसं नसतं. दसरा-दिवाळीला कापूस घरात येतो, होळी होऊन गेली की गाड्यांची रांग विरळ होते. मग वर्षअखेर, हिशेब बंद, आणि पेरणी लागली की शेठजी स्वतःच म्हणायचे, "अब ऑडिट को आना." म्हणजे दर पावसाळ्यात माझ्या नोकरीला एक भोक. हिशेबाच्या टॅलीत अशी बेवारस रक्कम सापडली तर मी ती सस्पेन्स खात्यात टाकतो आणि ऑडिटच्या आधी खुलासा शोधतो. इथे खुलासा समोर उभा, घरच्या शेतात, चिखलात, पायजमा वर खोचून, पिकाच्या ओळींतलं तण काढत. एका ऑनलाइन मुलाखतीत त्या पोरीने विचारलं, "सर, जून ते ऑगस्ट दरवर्षी तुम्ही काय करत होतात?" मी म्हटलं, "डवरणी." तिने ते टाइप केलं. पुढे विचारलं, "हा कोर्स ऑनलाइन होता का?"

परीक्षांचंही तेच. एका कंपनीच्या चाचणीत प्रश्न होता : खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात वजा मिळतो का? पर्याय दोनच, हो आणि नाही. पुस्तकी उत्तर "नाही". पण मी वजनकाट्यावर बसून शेतकऱ्यांना पैसे मोजलेला माणूस. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियम ६डीडीत, शेतमाल पिकवणाऱ्याकडूनच घेतला तर रोखीला सूट होती. मी "हो" दाबलं. चूक, असं लाल अक्षरात आलं. खाली खुलासा लिहायला जागाच नव्हती.

आणि रिव्हर्स चार्ज? १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याच्या कच्च्या कापसावरचा ५ टक्के जीएसटी विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा. हे मी दर हंगामात काट्यापाशी उभं राहून समजावलं आहे. "काकाजी, तुमच्या कापसाचा टॅक्स आम्ही भरतो." काकाजी माझ्याकडे बराच वेळ पाहत आणि म्हणत, "मंग भावातून कितीक कापला?" मी म्हणे, कापला नाही, आम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं. ते म्हणत, "म्हंजे भरला बी तुमीच अन घेतला बी तुमीच. मंग मले कायले सांगून रायला?" या प्रश्नाला जीएसटी कौन्सिलकडेही उत्तर असेल असं वाटत नाही. रेझ्युमेत या सगळ्या रिव्हर्स चार्जची ओळ झाली : "आरसीएमचे ज्ञान."

छंदाचा रकानाही मामेभावाने उडवला. मी तिथे खरं तेच लिहिलं होतं : ट्रायल बॅलन्समधला, म्हणजे जमा आणि नावेच्या बेरजांमधला, फरक शोधणे. फरक आला की आधी त्याला ९ ने भागायचं. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. एकदा ५,४०० चा फरक होता, रात्री साडेअकराला हमालीच्या खात्यात सापडला : ९,३०० च्या जागी ३,९००. मी एकटाच ऑफिसात टाळी वाजवली होती. वॉचमन धावत आला. मामेभाऊ म्हणाला, "वाचन आणि प्रवास लिही."

शेवटी त्याने सगळं एआयला दिलं. दोन मिनिटांत मी कोणी भलताच झालो. शेतकऱ्यांची पट्टी करणे याचं "ग्रामीण पुरवठादार परिसंस्थेतील देयक प्रक्रियेचे धोरणात्मक नेतृत्व" झालं. काट्यावरची भांडणं सोडवणे हे "बहुपक्षीय संघर्ष निराकरण." हमालांचा शनिवारचा हप्ता वाटणे हे "मनुष्यबळ मोबदला व्यवस्थापन." बायकोने कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "कोन होय जी हा? याले पगार चांगला असन."

तरी त्याच कागदाने काम केलं, हे मान्य करायला हवं. बुटीबोरीच्या एका कारखान्याने संदर्भासाठी शेठजींना फोन लावला. शेठजी आता दुपारी लॉनच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी काय सांगितलं ते मलाच संध्याकाळी ऐकवलं, अभिमानाने : "मैंने बोल दिया, आदमी एक नंबर है. एक पैसे का फरक नहीं छोडता. बस, पोले पे दो दिन नहीं आता." मी डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीतून त्यांना नेमकं पोळा आणि तान्हा पोळा आठवला.

चार दिवसांनी कारखान्याचा फॉर्म आला, मुलाखतीआधी भरून आणायचा. वडिलांचे नाव. गाव. वैवाहिक स्थिती. अपत्ये. छंद. पासपोर्ट आकाराचा फोटो इथे चिकटवा. खाली, वरील माहिती सत्य आहे, सही. मामेभावाने काढलेली एकेक गोष्ट मी त्याला फोनवर वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग त्याला मीटिंग आली. फॉर्ममध्ये गॅपसाठी बोटभर चौकोन होता. बायको म्हणाली, "शेती लिवा न. दोन अक्षरं त हायेत." लिहिलं. छान मावलं.

मुलाखतीची तारीख पाहिली तर नेमका पोळा. आमच्याकडे आता बैलजोडी नाही, पण शेजारच्यांची आमच्या दारात ओवाळायला येते आणि आई सकाळपासून पुरण घालते. ती म्हणाली, "पोयाच्या दिवशी कोठी जातं बाप्पा?" मामेभाऊ म्हणाला, "फॅमिली इमर्जन्सी लिही." शेठजींनी तिकडे आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सरळ लिहिलं : त्या दिवशी पोळा असल्याने येता येणार नाही, कृपया दुसरी तारीख द्यावी.

तासाभरात मेल आला. "सर, आमच्याकडूनच तारीख टाकताना चूक झाली. त्या दिवशी इथेही कोणी नसतं. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक, अर्धा स्टाफ तिकडे. तुम्ही तिसऱ्या दिवशी अकराला या. येताना फॉर्म आणा. रेझ्युमे नाही आणला तरी चालेल."