‘नट आवळा, कील पक्की’ या सल्ल्यात काय चुकतं

जुनी शिडाची बोट घेणाऱ्या लोकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. कील, म्हणजे बोटीखालचं वजनदार पातं, जिथे बोटीच्या तळाला बोल्टांनी जोडलेली असते तिथे भेग दिसली तर टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की वाजणारा पाना, घ्या, ठरलेल्या आकड्यापर्यंत नट आवळा, ‘क्लिक’ वाजलं की जोड पक्का. आट्यांना ग्रीस लावा म्हणजे पाना हलका फिरतो. बोल्ट स्टेनलेसचे असतात, त्यांची काळजी नको. आणि दरवर्षी पाव फेरा देत राहा.

हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. कॅटालिना बनावटीच्या तीस फुटी बोटीच्या तळाशी जवळपास १,९०० किलो शिसं याच बोल्टांवर लटकलेलं असतं.

आधी ‘क्लिक’चं बघू. नट फिरायला किती अडतोय, एवढंच पाना सांगतो. हाताने लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के जोर नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. तीस वर्षं बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या सर्वांत खोल भागात, साचलेल्या पाण्यात गंजून जाम झालेला नट तसूभर न हलता ‘क्लिक’ देतो, आणि आपण खूश होतो. म्हणून तपासायचं तर नट आधी सैल करावा लागतो, आटे ब्रशने घासावे लागतात, वायसर उचलून खाली बघावं लागतं. तेही एका वेळी एकच नट. सगळे एकदम सोडायचे नाहीत.

ग्रीसचा सल्ला अर्धा बरोबर आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना चिकटून खाल्ले जातात, त्यामुळे वंगण हवंच. पण कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा वंगण लावून गाठला, तर बोल्टवर पाव ते एक तृतीयांश जास्त ताण येऊ शकतो. आकडा कोरड्याचा की वंगणाचा, हे आधी विचारून घ्या. बोल्टचा व्यास बदलला की आकडाही बदलतो, दुसऱ्या बोटीचा आकडा उचलू नका.

‘स्टेनलेस गंजत नाही’ हे तर सर्वांत घातक वाक्य. स्टेनलेसवरचा संरक्षक थर हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनवर टिकतो. कील आणि तळ यांच्या सांध्यात खारं पाणी शिरून साचून राहिलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि धातू आतून खाल्ला जातो. वर बिल्जमध्ये चकचकीत दिसणारा बोल्ट सांध्याच्या पातळीवर कमरेत बारीक झालेला असू शकतो, आणि तरीही तो पान्याचा जोर सहन करतो. नटाच्या बुडाशी तपकिरी ओघळ दिसला, तिथलं पाणी जिभेला खारट लागलं, तर पाना खाली ठेवा आणि बोटी तपासणाऱ्या सर्व्हेअरला बोलवा.

आता पाव फेरा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅलिफोर्नियात अलमिडाच्या एका यार्डात मित्राची जुनी बोट किलीवर उभी होती. सांध्याच्या पुढच्या टोकाला ती भेग होती, जिला तिथले लोक ‘कॅटालिना स्माइल’ म्हणतात. मित्राने पाना लावला. नट फिरला, पाव फेरा, अर्धा फेरा, पण आकडा काही येईना. मी बॅटरी धरून वाकलो तर वायसर फायबरग्लासमध्ये रुतत चालला होता आणि त्याच्या कडेने काळपट पाणी वर येत होतं. या जुन्या बोटींत किलीच्या वर, बोटीच्या तळाच्या ज्या भागातून बोल्ट जातात तिथे, प्लायवुड घातलेलं असायचं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते कुजतं. आम्ही बोल्ट ताणत नव्हतो, कुजलेलं लाकूड पिळत होतो. दरवर्षी नट पाव फेरा घेत असेल, तर काहीतरी खाली दबतंय किंवा बोल्ट लांबतोय. दोन्ही वाईटच.

भेग म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कधी फक्त सांध्यातलं जुनं सीलंट सुटलेलं असतं. ते कळायला बोट पाण्याबाहेर हवी, वजन किलीवर आणि बाजूने टेकू. मग नट मधल्यापासून टोकांकडे, आलटून पालटून, तीन टप्प्यांत: आकड्याच्या निम्मा, पाऊण, मग पूर्ण. शेवटी नटावरून वायसरवर रंगाची एक रेघ ओढा, पुढच्या वर्षी नट हलला की नाही ते पाना न लावता दिसेल.

आणि बोल्ट ठणठणीत असले तरी ज्यात ते बसतात तो तळ कसा आहे? मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला निघालेल्या ‘चीकी रफीकी’ या शिडाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चारही खलाशी गेले. आधी बोट उथळ पाण्यात तळाला लागल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जोडलेली रचना कमकुवत झाली असावी, असं ब्रिटिश तपास यंत्रणेने २०१५ च्या अहवालात म्हटलं. बोट कधी खडकाला लागली होती का, हे जुन्या मालकाला जरूर विचारा.

मित्राने त्या दिवशी पाना बाजूला ठेवला. नंतर बिल्जचा तळ कापून काढला तेव्हा प्लायवुड चमच्याने खरवडता येत होतं. त्या जागी आता सलग फायबरग्लास आहे, रुंद जाड वायसर आहेत, आणि नटांवरच्या रेघा जागच्या जागी आहेत.