मी नाही त्यातला!

अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसावर आहात? एडिसनला किंवा इर्विंगला घर घेतलंय, मुलं रविवारच्या मराठी शाळेत जातायत, आणि तरी बातम्यांत ‘इमिग्रंट’ ऐकलं की पोटात गोळा येतो? येऊ देऊ नका. ती शिवी तुम्हाला नाहीच, ती त्यांना, शेतात राबायला आलेल्यांना. तुम्ही स्किल्ड. एवढं एकदा मनावर घेतलंत की बाकी सगळं सोपं आहे. कुणी विषय काढायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ‘आम्ही लीगली आलो.’ मंडळाच्या गणपतीत, मुलाच्या सॉकर मॅचला, कुठेही. समोरच्याने नुसतं हवामानाबद्दल विचारलं असलं तरी चालेल.

तुमच्या स्किलबद्दल कुणी शंका घेतली तर सरळ सांगा, आमची निवड अमेरिकन सरकारने केली. ती कशी केली, याच्या खोलात मात्र शिरू नका. वर्षाला जागा 65,000, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना आणखी 20,000, आणि 2023 च्या मार्चमध्ये नावं आली साडेसात लाखांवर. तेव्हा सरकारने कुणाच्या जावा कोडिंगची परीक्षा घेतली नाही. म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढली. त्या वर्षी तर चार लाखांहून जास्त नोंदण्या अशा निघाल्या, की माणूस तोच आणि त्याच्या नावाने अर्ज अनेक. या सगळ्याला मिळून ‘मेरिट’ म्हणायचं. निकालाच्या आदल्या रात्री आईने गणपती पाण्यात ठेवले होते, हे घरातच राहू द्या.

आता ‘ते’ अनस्किल्ड कसे, हे पटवायचं. इथे उदाहरणं निवडून द्या, आणि स्ट्रॉबेरी तर टाळाच. कॉस्टकोतून तुम्ही आणता तो प्लॅस्टिकचा डबा शेतातच भरलेला असतो. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलकडे कमरेत वाकलेला एक माणूस पिकलेलं फळ एका नजरेत ओळखतो, हिरवा टोप तसाच ठेवून ते न दाबता खुडतो आणि थेट त्याच डब्यात रचतो. त्यानंतर त्या फळाला हात लागतो तो तुमचाच. मजुरी बऱ्याचदा भरलेल्या डब्यांवर, त्यामुळे कंबर सरळ करायलाही पैसे पडतात. तुम्ही ऑफिसात मागच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यात, बँकेच्या स्क्रीनवरचं निळं बटण गडद निळं केलंत, त्याला दोन आठवडे आणि तीन मीटिंगा लागल्या. तुलनेच्या भानगडीत पडू नका.

अशा शेतमजुरांतल्या साधारण चाळीस टक्क्यांकडे देशात राहायचे कागद नाहीत. 2020 च्या मार्चमध्ये याच माणसांना सरकारने ‘अत्यावश्यक’ ठरवलं. वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला मालकांनी पत्रं दिली, की हा माणूस देशाच्या अन्नपुरवठ्याला हवा आहे. देशात राहायला मात्र नको. तुम्ही त्या वेळी घरात बसून डालगोना कॉफी घुसळत होतात, त्यामुळे हे कानावर आलं नसेल. 2011 साली जॉर्जिया राज्याने बिनकागदवाल्यांविरुद्ध कडक कायदा केला, मजूर पळाले आणि उभं पीक शेतात सडायला लागलं. गव्हर्नरने मग प्रोबेशनवरच्या गुन्हेगारांना शेतात पाठवून बघितलं. त्यातले कितीतरी जण दुपारपर्यंतच काम टाकून चालते झाले. अनस्किल्ड काम अनस्किल्ड माणसाला जमेना म्हणजे कमालच!

बाल्टिमोरचा पूल तर चुकूनही काढू नका. 26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर जहाज धडकून पूल कोसळला, तेव्हा त्यावर खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरचे. जहाजावरचे खलाशी जवळजवळ सगळे भारतीय. जहाजावरून वेळेत इशारा गेला म्हणून पोलिसांनी पुलावर येणाऱ्या गाड्या थोपवल्या आणि आणखी माणसं वाचली. इंटरनेटवर मात्र त्याच आठवड्यात या खलाशांचं लंगोटीतलं व्यंगचित्र फिरत होतं. चित्रकाराने त्यांची सर्टिफिकेटं बघितली नव्हती. तुमचीही बघणार नाही, पण तो विचार आज नको.

त्यापेक्षा डिसेंबर 2024 आठवा. मस्क आणि उद्योजक विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला, आणि भांडण तुमच्या एच-वन-बीवरून. मग ट्रम्पसाहेब म्हणाले, माझ्याकडे पुष्कळ एच-वन-बीवाले आहेत, मला ही योजना आवडते. तुमच्या ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी आले. नंतर पत्रकारांनी कागद काढले, तर त्यांच्या क्लबांत आणि हॉटेलांत प्रामुख्याने एच-टू-बीवाले, म्हणजे हंगामी कामगारांच्या व्हिसावरचे: आचारी, वाढपी, खोल्या आवरणारे. म्हणजे साहेब तुमची बाजू घेत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा वाढपी होता. मनाला लावून घेऊ नका. वाढप्याला काही वाटलं असेल तर त्याचं तो बघेल.

‘हे लोक कमी पैशांत राबतात आणि इथल्या माणसाची मजुरी पाडतात’, हे वाक्य मेक्सिकन माणसाबद्दल बिनदिक्कत वापरा. फक्त ऑफिसच्या पँट्रीत, मायक्रोवेव्हशेजारी तुमच्याच जागेची एलसीएची, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने सरकारला भरून दिलेल्या अर्जाची, नोटीस चिकटवलेली असेल आणि त्यावर पगार छापलेला असेल, तर आवाज जरा खाली. 2015 साली बातमी आली होती, की डिस्नेच्या ऑर्लँडोमधल्या आयटीवाल्यांना नोकरी जायच्या आधी आपल्या जागी आलेल्या भारतीयांना काम शिकवून जावं लागलं. ते ‘नॉलेज ट्रान्सफर’. मजुरी पाडणं वेगळं.

पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र मोकळेपणाने लिहा. तिथे तुम्ही इमिग्रंट नाही, भूमिपुत्र. ‘परप्रांतीयांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या, भाषा शिकत नाहीत, एका खोलीत दहा-दहा जण राहतात.’ तुम्ही जर्सी सिटीत उतरलात तेव्हा कन्सल्टन्सीच्या गेस्ट हाउसमध्ये गाद्या टाकून सात जण होतात, पण ते सेव्हिंग. एडिसनच्या ओक ट्री रोडवर अर्धी खरेदी हिंदीत उरकते, ही आपली संस्कृती. तेच ठाण्याच्या टपरीवाल्याने हिंदीत केलं की माज. एवढं सांभाळा, की बाबांना उचलून खुर्चीत बसवणारा ओडिशाचा ब्रदर त्या ग्रुपवर नसावा. आणि घराचं पीओपी करणारा गोरखपूरवाला काम संपवून जाईपर्यंत भूमिपुत्राने दम धरावा.

आपलं सरकारही तुमच्याच विचाराचं आहे, काळजी नसावी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर असतं, म्हणजे मजुरीला आखातात जायचं तर आधी परवानगी काढा. 2018 साली अशांचा पासपोर्टच नारिंगी करायचं घाटत होतं. ओरड झाली आणि बेत बारगळला, नाहीतर विमानतळाच्या रांगेत लांबूनच कळलं असतं, कुणाशेजारी उभं राहायचं नाही ते.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकन लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं. आत 104 भारतीय, वाटभर हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यावर तुम्ही ‘डंकी मारून, चोरवाटेने गेले, भोगा’ असं लिहिलंत, ते छानच. त्यांतले तिघे महाराष्ट्रातले होते, तेवढी बातमी पुढे पाठवू नका. पंजाब-गुजरातवर विषय थांबलेला बरा.

मग 19 सप्टेंबर 2025 उजाडला. शुक्रवार. ट्रम्पसाहेबांचं फर्मान, एच-वन-बीला एक लाख डॉलर फी! दसऱ्याला घरी निघालेली माणसं विमानात बसलेली उतरली, सुट्टीवर गेलेल्यांना कंपन्यांनी ‘असाल तसे परत या’ म्हणून मेल टाकले. शनिवारी खुलासा आला, की पैसे फक्त नव्या अर्जांना. तुम्ही हुश्श केलंत आणि संध्याकाळपर्यंत ‘हल्ली येणारी पोरं तशीही फेक रेझ्युमेवाली असतात, बरं झालं’ असं मत बनवून मोकळे झालात. शाबास. याला म्हणतात जुळवून घेणं. आता ग्रीन कार्डाच्या रांगेत सगळ्या भारताला मिळून सात टक्के, आणि आइसलँडलाही सातच, हा अन्यायही याच लोकांच्या गर्दीमुळे झाला, असं म्हणायला लागा.

आणि समजा नोकरी गेलीच, तर देशात राहायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. घर विकायला काढलंत तर आधी छप्पर बघा, इन्स्पेक्शनमध्ये गळती लगेच पकडतात. मोठ्या रूफिंग कंपनीला बोलवाल तर दिवाळं निघेल. सकाळी सातला होम डेपो या घरदुरुस्तीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जा, तिथे रोजंदारीवरची माणसं उभी असतात. हल्ली इमिग्रेशनच्या धाडींमुळे कमी असतात, म्हणून जरा लवकर जा. खुशाल घासाघीस करा, रोख द्या. छपरावर शिंगल ठोकता ठोकता त्यातल्या कुणी वरून विचारलंच, की साहेब एवढं चांगलं घर सोडून कुठे निघालात, तर म्हणावं, रिलोकेट होतोय.