महागाईत शहाण्या सांगलीकराने कसं वागावं

महागाईच्या नावाने खडे फोडू नका. कपाटातली ठेवपावती काढा. समजा व्याज सात टक्के, महागाई सहा टक्के. म्हणजे बसल्या जागी एक टक्क्याने श्रीमंत झालात! आता व्याजावरचा प्राप्तिकर भरा. तो त्या एकावर नाही, अख्ख्या सातावर बसतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात उरतात ५.६. वर्षभर पैसा जपून तुम्हीच गरीब झालात, पण महागाईने खाल्लेल्या या पैशाला कर म्हणायची चूक करू नका. कर लावायचा तर संसदेत विधेयक आणावं लागतं. हे बिनबोभाट होतं.

गणपती पेठेत भडंगाचा पुडा चपटा लागला तरी दुकानदाराशी हुज्जत नको. किंमत तीच आहे ना? मग झालं.

रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेवर मात्र श्रद्धा हवी. २०१६ पासून कायद्यानेच महागाईचं लक्ष्य ठरतं: चार टक्के, दोन इकडे, दोन तिकडे. ते अधिसूचित करतं केंद्र सरकार. व्याजदर ठरवणाऱ्या समितीत सहा जण, त्यातले तीन सरकारने नेमलेले. गव्हर्नरही सरकारच नेमतं. बाकी सगळं स्वायत्त. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई सहाच्या वर राहिली, तेव्हा बँकेने नियमाप्रमाणे सरकारला खुलाशाचं पत्र लिहिलं. ते तुम्हाला वाचायचंय? कशाला? पत्र जाहीर करण्याची कायद्यात तरतूद नाही, असं सरकारने लोकसभेतच सांगितलंय. आपली कृष्णा अडाणी. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि आयर्विन पुलावर कुणीही उभं राहून पाणी मोजावं! तिलाही बंद पाकिटात कळवायला शिकवलं पाहिजे.

शेतकरी असाल तर महागाईशी लढण्याचा मान तुमचाच. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाले, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात. माल तुमचा, रान तुमचं, कर्जही तुमचंच. विकायचं कुठे आणि कधी, एवढाच बारीकसा तपशील दिल्लीकडे. भाव पडला की मात्र बाजार एकदम मुक्त होतो, तेव्हा कुणी आडवं येत नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

हळदवाल्यांनी हसू नये. मार्केट यार्डात सौदा चालू असताना जरा हळू बोला, चढा भाव वरपर्यंत ऐकू जातो.