नीम कोटेड युरियाही उडतो, कारण कडुनिंब युरिया फोडणाऱ्या विकराला अडवतच नाही

कपाशीला खताचा दुसरा हप्ता द्यायची वेळ आली की परभणी-जालन्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: नीम कोटेड युरिया हवेत उडत नाही, बिनधास्त वरून फोका. आपली काळी जमीन नत्र धरून ठेवते. युरिया म्हणजे तयार नत्र, त्याला जिवाणू लागत नाहीत. उलट जिवाणूच नत्र खातात, म्हणून सोबत बुरशीनाशक सोडा. आणि शेवटी, भुरभुर पाऊस आला तर सोन्याहून पिवळं.

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

सुरुवात ‘तयार नत्रा’पासून करू. युरिया नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवला तर तो वर्षानुवर्षं युरियाच राहतो. रानात मात्र दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो, आणि हे काम युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. जमिनीतले कितीतरी जिवाणू आणि बुरशा ते तयार करतात. हे विकर नसतं तर जी क्रिया होते, तिच्यापेक्षा ही साधारण शंभर लाख कोटी पट वेगानं घडते. मुळं थोडा युरिया जसाच्या तसा घेतात, आणि २ टक्क्यांची फवारणी केली तर पानंही घेतात. पण आत गेल्यावर त्याचे तुकडे करायला झाडाचं स्वतःचं युरिएजच लागतं.

या विकराची कहाणी आपल्या परसातल्या अबईच्या जवळ जाते. अबईच्याच भाऊबंदातल्या एका शेंगेतून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवले. जगात कुठल्याही विकराचा स्फटिक पहिल्यांदाच हाती आला होता, आणि विकर म्हणजे प्रथिन हे त्यावरून ठरलं. त्याबद्दल १९४६ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पण स्फटिकावर क्ष-किरण सोडून आतली रचना अणूअणूपर्यंत दिसायला १९९५ उजाडलं, आणि तेव्हाही मान मिळाला तो क्लेब्सिएला या जिवाणूच्या युरिएजला. समनरांच्या शेंगेतल्या युरिएजची रचना त्याहून उशिरा, २०१० मध्ये, आपल्याकडे मद्रास विद्यापीठात उलगडली.

त्या रचनेत दिसतं ते असं. विकराच्या पोटात एक खोबण, आणि खोबणीत निकेलचे दोन अणू. दोघांमधलं अंतर साडेतीन अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या जवळपास तीस लाखाव्या भागाएवढं. दोघांना जागेवर धरणारा एक लायसिन (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, म्हणजे अमिनो आम्ल) आहे, आणि त्याला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडलेला असतो. तो जोड नसेल तर निकेल नीट बसतच नाही. युरियाचा रेणू आत शिरला की त्याचा ऑक्सिजन एका निकेलला लागतो, खोबणीच्या तोंडावरची लवचिक झडप मिटते आणि निकेलनं धरलेलं पाणी युरियाच्या कार्बनवर चाल करतं. अमोनियाचा एक रेणू सुटतो. उरलेला तुकडा आपोआप मोडून दुसरा देतो.

आता कडुनिंब. कडुनिंबाच्या लेपाची खरी मात्रा चालते ती पुढच्या टप्प्यावर. मातीच्या ओलीत अमोनियाचं अमोनियम झाल्यावर त्याचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनससारखे जिवाणू असतात. त्यांचं काम तो मंदावतो. म्हणून नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली वाहून जायला वेळ लागतो. हा फायदा खरा आहे आणि छोटा नाही. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला लेप सक्तीचा झाला. शेतीचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्यामागचा हेतू होता. पण निकेलच्या त्या खोबणीवर या लेपाचा म्हणण्यासारखा जोर चालत नाही. म्हणजे कडी मागच्या दाराला घातली आणि पुढचं सताड उघडं. त्यात अमोनियम वरच्या थरात जास्त दिवस थांबलं तर उडायला त्याला उलट जास्त वेळ मिळतो. खोबण अडवणारी रसायनं वेगळी आहेत, आणि पोत्यावर ‘नीम’ लिहिलं म्हणून ती आत येत नाहीत.

पटत नसेल तर घरी बघा. बरणीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ, चिमूटभर नीम कोटेड युरिया आणि थोडं पाणी घाला. झाकणाच्या आत हळदीचा ओला कागद चिकटवा. थोड्या वेळात हळद तांबूस पडते, आणि झाकण उघडलं की वास थेट नाकात शिरतो. पिठाऐवजी ओली काळी माती घेतली तर वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. सोयाबीनच्या कारखान्यांत पेंड पुरती शेकली गेली का, हे याच युरिएजवरून तपासतात. (जनावराला कच्चं सोयाबीन आणि युरिया एकत्र चारू नका, तेही याचमुळे.)

काळी जमीन नत्र धरते, हे मात्र खरं आहे. चिकणमातीचे कण अमोनियमला घट्ट धरतात. अट एवढीच की ते मातीत शिरलं पाहिजे. गोदाकाठच्या भारी, चुनखडीच्या जमिनींचा सामू (pH) बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो. त्या सामूला अमोनियम-अमोनियाच्या एकूण साठ्यातला साधारण ५ टक्के भाग उडू शकणाऱ्या अमोनियाच्या रूपात असतो, ९ ला तो पस्तिशीच्या वर जातो. आणि विरघळणाऱ्या दाण्याच्या भोवती युरिएज स्वतःच सामू ९ कडे नेतं. ज्या काळ्या मातीच्या भरवशावर आपण वरून फोकतो, तिच्याच पृष्ठभागावर तो जास्त उडतो.

बुरशीनाशकाची सूचना तर शुद्ध पैशाची नासाडी. बुरशीनाशक जिवाणूंसाठी नसतंच. आणि जिवाणू मेले तरी त्यांनी बाहेर टाकलेलं युरिएज मातीच्या कणांना, कुजक्या काडीकचऱ्याला चिकटून काम करतच राहतं.

राहिला भुरभुर पाऊस. सगळ्यात वाईट तोच. दाणा विरघळण्याइतकी ओल मिळते, विकर कामाला लागतं, पण नत्र खाली नेण्याइतकं पाणी नसतं. मग ऊन पडलं की वरच्या वर खेळ खलास. एकदम दहा-पंधरा मिलिमीटर पडला तर गोष्ट वेगळी, पण तसा पाऊस आपल्याकडे मागून येत नाही. तेव्हा वाफसा बघून झाडाच्या बाजूला दोन-तीन बोटं खोल युरिया द्या आणि लगेच मातीनं झाका. मजूर नसेल तर ओळीनं टाकून त्याच दिवशी मागोमाग कोळपं फिरवा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.