सुकाणूचा भार आणि समुद्राचा रेटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाण्याखालच्या आरओव्हीला (केबलने जोडलेल्या, दुरून चालवायच्या मानवरहित वाहनाला) वळवणाऱ्या लिनिअर अ‍ॅक्च्युएटरवरचा (मोटरने फिरणाऱ्या स्क्रूने रॉड सरळ आत-बाहेर सरकवणाऱ्या यंत्रावरचा) माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि स्पष्ट शब्दांत चुका दाखवल्यात, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. आरओव्ही थ्रस्टरने (मोटरवर फिरणाऱ्या पंख्याने) वळते, सुकाणूने नव्हे, हा पहिला. वीतभर सुकाणूसाठी ५० किलो रेट्याचा अ‍ॅक्च्युएटर सुचवून मी विद्यार्थ्यांना उगाच खर्चात पाडतो आहे, हा दुसरा. आणि ‘आत तेल भरले की दाबाचा प्रश्न मिटतो’ असे मी लिहिले, पण रॉड आत येताना ते तेल जाणार कुठे, हे सांगितलेच नाही, हा तिसरा. पहिला बहुतांशी मान्य आहे आणि तिसरा पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मात्र मान्य करता येत नाही.

सुकाणूवर मिळणारे बल पाण्यातल्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २०० चौरस सेंटिमीटरचे सुकाणू सेकंदाला दीड मीटर वेगात सुमारे दोन किलोचे बल देते; वेग पाव मीटरवर आला की तेच बल ३६ पटींनी घटून जेमतेम ५० ग्रॅम उरते. म्हणून एका जागी थांबून धरणाची भिंत किंवा जहाजाचा तळ न्याहाळणाऱ्या आरओव्हीला सुकाणू निरुपयोगी, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. उलट, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बनवलेले ‘माया’ हे केबलविना चालणारे टॉर्पेडोच्या आकाराचे वाहन सतत पुढे धावते, त्यामुळे ते मागच्या पंखांनी वळू शकते. माझ्या लेखातले वाहन या दोन्हींच्या मधले आहे : केबल जोडलेले, पण होडीमागून दीड मीटर वेगाने ओढले जाणारे आणि सरळ रेषेत तळाची पाहणी करणारे. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते.

आता ५० किलोंविषयी. आपण सुकाणूचा भार मोजलात आणि तो अचूक मोजलात. दोन किलोचे बल सुकाणू ज्यावर फिरते त्या खुंटीपासून तीन सेंटिमीटरवर पडते आणि रॉड पाच सेंटिमीटर लांबीच्या दांड्याला जोडलेला आहे, म्हणजे रॉडवर सव्वा किलोच्या आतच भार येतो. पण अ‍ॅक्च्युएटरला झगडावे लागते ते सुकाणूशी नाही, पाण्याच्या खोलीशी. समुद्रात दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो. आत हवा असलेल्या अ‍ॅक्च्युएटरचा रॉड २० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर भरते आणि १०० मीटर खोलीवर पाणी त्या रॉडला ३२ किलो रेट्याने आत ढकलत राहते. त्यात सीलचे (रॉडभोवती पाणी अडवणाऱ्या कड्याचे) घर्षण धरले की ५० किलो ही चैन राहत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे रोसब ६००० हे आरओव्ही २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत उतरले होते. त्या खोलीवर याच रॉडवरचा रेटा सुमारे १,७०० किलो होईल.

हा रेटा नेहमी आतल्या दिशेनेच असतो. त्यामुळे बॉल स्क्रू (गोळ्यांवर फिरणारा, कमी घर्षणाचा स्क्रू) वापरला आणि मोटरला ब्रेक नसला, तर वाहन खाली उतरता उतरता रॉड आपोआप आत सरकतो आणि कोणी आज्ञा न देता वाहन एका बाजूला वळू लागते. साध्या ट्रॅपेझॉइडल आट्यांचा स्क्रू घर्षणात शक्ती घालवतो हे खरे, पण लहान पिचचा (दोन आट्यांमधले अंतर कमी असलेला) घेतला तर तो उलटा फिरत नाही. इथे मला तोच हवा आहे.

हे मी करून पाहिले आहे. दोन्ही टोकांना फ्लँज असलेला सहा इंची पाइप घेतला, त्यात अ‍ॅक्च्युएटर बसवला आणि नळजोडणीची गळती तपासायला प्लंबर वापरतात त्या हातपंपाने दाब चढवला. दाब नसताना रॉड बाहेर जाताना आणि आत येताना अ‍ॅमीटर जवळपास सारखाच करंट दाखवत होता. १० बारला, म्हणजे साधारण १०० मीटर खोलीच्या दाबाला, रॉड बाहेर ढकलताना काटा दुपटीच्याही पुढे गेला आणि परत येताना मोटरला फारसे काही करावेच लागले नाही. त्याआधीच्या पहिल्याच प्रयत्नात पाइप काठोकाठ भरला होता. रॉड बाहेर येऊ लागताच प्रेशर गेजचा काटा झपकन चढला आणि गॅस्केटमधून पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी दाबले जात नाही आणि बाहेर आलेल्या रॉडला जागा तर हवीच. मग वर थोडी हवा ठेवून चाचणी पुन्हा घेतली.

आपला तिसरा आक्षेप नेमका याच गोष्टीचा आहे, म्हणून तो वाचताना मी थबकलो. बाहेरच्या पाण्याबाबत जे डोळ्यांनी पाहिले, तेच आतल्या तेलाबाबत घडणार हे मी लिहिले नाही. २० मिलिमीटरचा रॉड ५० मिलिमीटर सरकला की १५.७ घन सेंटिमीटर तेलाला जागा करून द्यावी लागते, म्हणजे स्प्रिंगचा पिस्टन किंवा रबरी पिशवी असलेला कॉम्पेन्सेटर (तेलाला जागा देणारा आणि बाहेरचा दाब आतल्या तेलापर्यंत पोचवणारा भाग) हवाच. त्याचे माप ठरवताना तेलाच्या आकुंचनाची धास्ती बाळगायला नको. २०० घन सेंटिमीटर तेल १० अंशांनी थंड झाले तर दीड घन सेंटिमीटरच्या आसपास घटते, आणि १०० मीटरच्या दाबाने होणारी घट तर नगण्यच. खरा घात करते ती आत अडकलेली हवा : पृष्ठभागावर २० घन सेंटिमीटर असलेला बुडबुडा १०० मीटरवर दोनच्याही खाली येतो आणि कॉम्पेन्सेटरची सगळी बेगमी एकटा खाऊन टाकतो. तेल भरताना व्हॅक्यूम पंप लावून हवा ओढून काढण्याला पर्याय नाही.

कॉम्पेन्सेटर नीट बसला आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.३ बार जास्त राखला, तर रॉडवर ३२ किलोंऐवजी एखादाच किलो उरतो, तोही बाहेरच्या दिशेने. आणि सील झिजले तरी आधी तेल बाहेर पडते, पाणी आत येत नाही. मग ५० किलोंचा अ‍ॅक्च्युएटर खरोखरच नको. म्हणजे दुसऱ्या आक्षेपातही आपले अर्धे म्हणणे तेल भरलेल्या रचनेला लागू पडते. पण मग मोटर ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेली) घ्यावी, कारण ब्रशखाली तेलाचा थर जाऊन ठिणग्या पडतात आणि तेल काळे होते. तसेच हवाबंद लिमिट स्विच आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्या तेलात ठेवू नयेत, ते दाबाने चेपतात.

शेवटी आपण फिरत्या शाफ्टचा पर्याय सुचवला आहे. शाफ्ट आत-बाहेर होत नाही, त्यामुळे आकारमान बदलत नाही आणि पाण्याचा रेटा फक्त बेअरिंगवर पडतो. नव्याने आराखडा करणाऱ्याने आधी याचाच विचार करावा असे मलाही वाटते. माझ्या वाहनाची नळी अरुंद असल्याने आडवा गिअरबॉक्स मावत नव्हता आणि स्क्रू लांबीच्या दिशेने बसला, एवढेच माझे कारण होते. तेलाविषयीचे वाक्य आणि पहिला परिच्छेद मी मूळ लेखात आज दुरुस्त केला आहे. आपल्या रचनेत शाफ्टवर लिप सील (शाफ्टला घासून पाणी अडवणारी रबरी कडा) आहे की चुंबकीय कपलिंग (न शिवता चुंबकाने फिरवणारी जोडणी), आणि वाळूमिश्रित पाण्यात ते किती काळ टिकले, हे कृपया सवडीने लिहावे.