‘लपवायचं काही नाही, मग कॅमेऱ्याला का घाबरता?’

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचं सार असं: स्मार्ट सिटीच्या कॅमेऱ्यांचा उगाच बाऊ केला जातो, सरळमार्गी माणसाला लपवण्यासारखं काही नसतं, माहिती सरकारी सर्व्हरवर सुरक्षित असते, तिच्यात कुणाचं नाव नसतं आणि आता तर कायदाही आलाय. कॅमेऱ्यांमुळे चोर सापडतात, त्याबद्दल वाद नाही. बाकीचं एकेक बघू.

‘लपवण्यासारखं काही नाही.’ राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासायला आलेल्या बायकांनी कोणता गुन्हा केला होता? तिथल्या सीसीटीव्हीचं चित्रण यूट्यूब-टेलिग्रामवरून विकलं जात असल्याचं फेब्रुवारी २०२५मध्ये उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचेही तरुण होते. तो कॅमेरा पालिकेचा नव्हता, मान्य. पण चित्रण चोरणारा कॅमेऱ्याचा मालक कोण, हे विचारत बसत नाही. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क म्हटलं. चारित्र्याचा दाखला जोडा, मग हक्क देतो, असं त्यात कुठेही नाही.

‘सरकारी सर्व्हरवर सुरक्षित असते.’ लांब कशाला, पिंपरी-चिंचवडला या. २०२१च्या सुरुवातीला तिथल्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला, खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली गेली आणि पोलिसांत गेलेल्या तक्रारीत नुकसानीचा आकडा ५ कोटींचा होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला २०१९मध्ये असाच दणका बसला. पाण्याची बिलं आणि घरांचे खरेदी-विक्री व्यवहार अडकले. आपल्याकडचं स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ला संपलं. १०० शहरांतली, कॅमेऱ्यांचं चित्रण जिथे येतं ती नियंत्रण केंद्रं मात्र राहिली. उद्घाटनाच्या फिती कापून झाल्या, आता सॉफ्टवेअर अपडेटचे पैसे कोण देणार?

‘नाव कुठे असतं?’ पटकन पटतो तो हाच मुद्दा, म्हणून जरा सविस्तर. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांचा डेटा पुढच्या वर्षी माहिती अधिकारात बाहेर आला. प्रवाशांची नावं त्यात नव्हतीच. टॅक्सीचा परवाना क्रमांकही एका गणिती सूत्रातून घालून त्याची अगम्य अक्षरमाळ केलेली. पण क्रमांकांचे साचे ठरलेले. शक्य तेवढे सगळे क्रमांक त्याच सूत्रातून काढून ताडून बघायला संगणकाला काही मिनिटं पुरली. मग कुणीतरी छायाचित्रकारांनी टिपलेले नटनट्यांचे फोटो घेतले. फोटोत टॅक्सीचा क्रमांक दिसत होता, वेळ माहीत होती. कोण कुठे उतरलं, भाडं किती झालं, सगळं कळलं.

आपल्या चौकातले कॅमेरेही नंबरप्लेट वाचतात. ‘एमएच १२’पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे धरले, तर शक्यता ६८ लाखांच्या आत संपतात. संगणकाला हा किरकोळ हिशेब. आणि रोज रात्री एकाच गल्लीत थांबणाऱ्या गाडीला नाव तरी कशाला हवं?

‘कायदा आलाय.’ डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आलाय खरा, २०२३मध्ये. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे आणखी १८ महिने. शिवाय गुन्हे रोखणं आणि तपास यांसाठी कलम १७ बरीचशी बंधनं सैल करतं. चौकातल्या कॅमेऱ्यांचं कारण नेमकं हेच सांगितलं जातं! वर याच कायद्याने माहिती अधिकारातला ‘व्यक्तिगत माहिती’चा अपवादही रुंद केला. तरी चित्रण किती दिवस ठेवता, ते कोण पाहू शकतं आणि कंत्राट संपल्यावर कंत्राटदाराकडच्या प्रतींचं काय होतं, यात कुणाचीच व्यक्तिगत माहिती नाही. एवढं पालिकेला लेखी विचारता येतं.